सत्तावीस नंबरचा आवाज

१

बुधवारी सकाळी साडेदहाला मी सत्तावीस नंबरचं पाकीट उघडलं आणि ते रिकामं निघालं.

पाकीट म्हणजे अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हसाठी शिवलेली जाड कापडी पिशवी. आत स्पंज, वर चेन. अशी चाळीस पाकिटं आमच्या लोखंडी कपाटात ओळीनं लावलेली होती. शुक्रवारी दुपारी चारला कुरियरवाला येणार आणि ती सगळी अमेरिकेला परत जाणार, म्हणून मी एकेक उघडून बघत होतो. सव्वीसपर्यंत सगळं ठीक होतं. सत्तावीस आपल्या जागेवर होतं, चेन नीट लावलेली होती, आत मात्र काही नव्हतं.

मी राजशेखर पट्टणशेट्टी. शाहूपुरीत एका बेअरिंगच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. आम्ही अकरा जण परदेशातली रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकतो आणि जशीच्या तशी टाइप करून देतो. आजवर डॉक्टरांची केली, वकिलांची केली. हे काम निराळं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तिथल्या कडव्या उजव्या संघटनांत गेलेल्या आणि नंतर बाहेर पडलेल्या चाळीस माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. देश फक्त गोऱ्यांचाच म्हणणारे, बंदुका घेऊन सरकारी इमारतींसमोर उभे राहिलेले, बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणून मोर्चे काढलेले. असल्या संघटना तिकडं गावोगाव कशा फोफावल्या आणि चारचौघांसारखी माणसं त्यांत कशी गेली, हे विद्यापीठाला समजून घ्यायचं होतं.

नावं पुसून नंबर दिलेले होते. पण आवाज खरे होते आणि आवाज ओळखू येतो. "यातला एक जरी आवाज बाहेर गेला, तरी त्या माणसाचे जुने साथीदार त्याच्या दारात येऊन उभे राहतील," असं तिथल्या बाईंनी मला बजावलं होतं. म्हणूनच त्यांनी इंटरनेटवरून काही पाठवलं नव्हतं. मी त्यांना शब्द दिला होता.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. सत्तावीसचा पासवर्ड माझ्याशिवाय चौघांना माहीत होता. टाइप करणारा हुसेन मुजावर, शेवटचा भाग टाइप करणारी विद्याश्री, टाइप केलेलं पुन्हा ऐकून तपासणाऱ्या वर्षाराणी कोरे आणि कॉम्प्युटर सांभाळणारा पृथ्वीराज.

मी दार लावून घेतलं आणि सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. काही सापडलं नाही.

पृथ्वीराज म्हणाला, "सर, स्पष्ट बोलू? ज्यानं मधेच टाइप करायचं सोडलं, त्यालाच विचारा की."

सगळे हुसेनकडे बघायला लागले. दोन आठवड्यांपूर्वी त्यानं हेडफोन काढून टेबलावर आपटला होता, "मी ह्येचं पुढं टाइप करनार न्हाय," म्हणाला होता, हे खरं होतं. सत्तावीस नंबरच्या माणसानं मुसलमानांविषयी जे काही बोलून ठेवलं होतं, ते हुसेननं दीड तास शब्द न गाळता टाइप केलं होतं. मग त्याचा संयम संपला.

हुसेन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"पोलीस बोलवा, सर. आत्ताच बोलवा. म्हंजे एकदाचं काय ते हुईल."

पोलिसांना बोलावलं असतं तर अमेरिकेच्या आधी गल्लीला बातमी कळली असती. मी शिवगंगा आक्कांना फोन केला.

२

शिवगंगा हेब्बाळे माझ्या आईच्या मैत्रीण. मूळच्या गडहिंग्लजकडच्या, म्हणून मला लाडानं 'तम्मा' म्हणतात, कानडीत धाकटा भाऊ. जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं स्टेनो होत्या. साक्षीदार बोलायचे आणि आक्कांची पेन्सिल चालायची. खोटं बोलणारा माणूस कुठं श्वास घेतो हे त्यांना न्यायाधीशांच्या आधी कळायचं, असं वकील मंडळी म्हणायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी मोपेडवरून गावभर हिंडतात.

त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तम्मा, पिशव्या तपासल्यास म्हनं. सुरुवात कुनापासनं केलीस?"

मी रिकामं पाकीट त्यांच्यासमोर सरकवलं.

"हुसेनपासनं. व्हय न्हवं?"

"हो."

"का?"

 हुसेनची जागा दारापाशी नाही, अगदी कोपऱ्यात आहे. त्याच्यापर्यंत पोचायला मला चार टेबलं ओलांडावी लागली होती.

आक्कांनी तो विषय तिथंच सोडला. "चोरीला गेल्याला आवाज गेला, पर त्याचं टाइप केल्यालं हाय का?"

"आहे. दोन्ही प्रती जागच्या जागी आहेत. कुणी उघडल्याची खूण नाही. पृथ्वीराजनं माझ्यासमोर तपासलं."

"मग ते छापून दे मला."

बावन्न पानं निघाली. आक्कांनी चष्मा बदलला आणि माझ्याच खोलीत बसून ती सलग वाचली. मी त्यांच्या हातून पानं घेऊन मागोमाग वाचत गेलो.

सत्तावीस नंबरचा माणूस काचेच्या कारखान्याच्या गावातला. कारखाना बंद पडला तेव्हा तो शाळेत होता. बाप आधी चिडचिडा झाला, मग गप्प झाला, मग एक दिवस घरातून निघून गेला. थोरल्या भावाला पाठदुखीच्या गोळ्यांची सवय लागली आणि तो त्यातच मेला. हा एकोणीस वर्षांचा, खोलीत बसून दिवसभर कॉम्प्युटरवर खेळ खेळायचा. त्या खेळात भेटलेला एक अनोळखी माणूस रोज विचारायचा, आज जेवलास का? दोन महिने फक्त खेळ आणि ही चौकशी. मग विनोद. मग विनोदात कुणाची तरी जात, कुणाचा तरी धर्म. मग नकाशे आणि आकडे. हे लोक येतायत, तुमची जागा घेतायत, तुझ्या बापाचं काम यांनीच खाल्लं. टीव्हीवर कोट घालून बसलेली माणसंही तेच सांगायची, फक्त सभ्य शब्दांत. त्यामुळं आपण काही भलतं करतोय असं त्याला वाटलंच नाही.

"पहिल्या मोर्च्यात अनोळखी लोकांनी मला मिठी मारली," असं तो एका जागी म्हणाला होता. "भाऊ गेल्यापासून मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता."

पुढं तोच इतर पोरांना ओढू लागला. जेवलास का, हे तो विचारू लागला. मग एकदा वरून सांगणं आलं आणि त्यानं पेट्रोल पंप चालवणाऱ्या एका माणसाचा फोटो आणि घराचा पत्ता गटावर टाकला. तिसऱ्या दिवशी पहाटे कुणीतरी त्या घराच्या ओसरीला आग लावली. त्या माणसाच्या लेकीचे हात भाजले.

"तो माणूस कुठल्या देशाचा होता, हे मला आजही माहीत नाही," हे शेवटच्या पानावर होतं. "मी विचारलंच नव्हतं."

आक्कांनी चष्मा काढला. 

"तम्मा, एक गोष्ट ध्यानात घे. ज्याला हा मजकूर खुपत हुता, त्यानं कागद जाळला असता. ज्याला अभ्यासाला पायजे हुता, त्यानं कागद पळवला असता. हितं कागदाला कुनी हात लावला न्हाय. चोराला शब्द नको हुते. आवाज पायजे हुता."

"कशाला?"

"ते चौघं सांगतील. न सांगता."

३

हुसेन आधी आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"मी न्हाय घेतला," तो बसताबसताच म्हणाला.

"मी इचारलंच न्हाय," आक्का म्हणाल्या. "काम कसं वाटलं ते सांग."

हुसेन हसला, पण ते हसू नव्हतं. "काम कसं वाटंल, आक्का? आवाज असा सोच्छ की मानूस शेजारी बसून बोलालाय. बाकीच्या टेपात खरखर असती, कुत्री भुकत्यात, दोनदोनदा मागं जावं लागतंय. ह्येच्यात कायबी न्हाय. एकदाबी मागं जावं लागलं न्हाय मला. त्याचाच तरास झाला. माझ्या कानात बसून मला शिव्या घालालता."

"शेवट ऐकलास?"

"न्हाय. शेवटी रडला म्हनं. रडू दे की." मग खुर्चीत मागं सरकला. "विद्याश्री सांगत हुती, एकटा पडलेला म्हनून असा झाला. एकटा म्हनून काय बी चालतं व्हय? मीबी एकटाच हाय की ह्या हापिसात. मी कुनाचं घर जाळाय गेलोय?"

आक्कांनी मान हलवली. "तुझ्याशी कोन बोलतं हितं?"

"वर्षाराणी मॅडम बोलत्यात. चांगल्या हायेत. मागच्या आठवड्यात जेवताना इचारलं, हुसेन, 'ग्रीव्हन्स'ला सोप्या मराठीत काय म्हनशील? मी म्हनलं, मनातली सल. त्यांनी लिहून घेतलं."

विद्याश्री राज्यशास्त्र घेऊन एम. ए. करते. आत आली ती वहीच घेऊन.

"सर, मी या मुलाखती प्रबंधासाठी मागितल्या होत्या, तुम्ही नाही म्हणालात. त्यामुळं माझ्यावर संशय येणार, हे मला माहीत आहे. पण मला आवाज घेऊन काय करायचंय? मला आकडे हवे होते, ते सगळ्यांची टाइप केलेली पानं जुळवताना मी डोक्यात ठेवलेत. चाळीसपैकी एकतीस जणांनी 'एकटा' हा शब्द वापरलाय. आणि पस्तीस जणांनी सांगितलंय की वर बसलेल्या माणसांना हे सगळं ठाऊक होतं. एकटी पोरं शोधायची कशी, हे त्यांना शिकवलेलं होतं. हुसेन चिडला माझ्यावर. पण मी एकटेपणाला माफी देत नाहीये, आक्का. या पिकाला पाणी कुणी घातलं ते बघतेय."

"बरं हाय की. ह्या कामात मराठीचा संबंध येतो का गं?"

"अजिबात नाही. इंग्रजी ऐकायचं, इंग्रजी टाइप करायचं." ती सहज पुढं म्हणाली, "वर्षाराणी मॅडमना हौस आहे. परवा मला 'बिलाँगिंग' विचारत होत्या. मी आपलेपणा म्हटलं. त्या म्हणाल्या, पुस्तकी वाटतंय, साधा शब्द सांग. मग मी म्हटलं, आपल्यात घेणं."

पृथ्वीराज आला तो तोऱ्यातच. आक्कांनी त्याला नुसतं बसवून ठेवलं. दोन मिनिटांत तोरा उतरला.

"हुसेनचं नाव कशावरनं घेतलंस?"

"असंच. तोंडातनं आलं."

"असंच?"

"सगळ्यांच्या मनात हुतं की, आक्का. मी बोललो एवढंच." त्यानं मान खाली घातली. "मला फोनवर असलं काय काय येतंय. मी पुढं पाठवतोय. वाचतबी न्हाय धड."

"फोनातलं तुला सगळं कळतं?"

"लोक विचारत्यात. गेल्या महिन्यात वर्षाराणी मॅडमनी विचारलं, एखाद्याला गटात कोन घेतं ते कळतं का, पुसलेले मेसेज दिसत्यात का. मी म्हनलं, न्हाय दिसत."

शेवटी वर्षाराणी आल्या. पंचेचाळिशीच्या, काटेकोर, ऑफिसात सगळ्यात जुन्या. स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवतात. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, एक मुलगा आहे, एवढं मला माहीत होतं.

आक्कांनी नोंदवही पुढं केली. कोणतं पाकीट कोणी कधी घेतलं, कधी ठेवलं, याच्या सह्या तिच्यात असतात. "बाकीची एकुनचाळीस तुम्ही एकेकदाच ऐकलासा. सत्तावीस चार वेळा. शेवटचं सोमवारी."

"आवाज फार खराब होता," वर्षाराणी म्हणाल्या. "खरखर होती. शब्द लागत नव्हते, म्हणून परत परत ऐकावं लागलं."

आक्का हसल्या. "व्हय, असं होतं कधी कधी. जावा तुम्ही."

दार लागलं. आक्का माझ्याकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. वाईट वाटलेलं दिसत होतं.

४

"ऐकलास ना?" त्या म्हणाल्या. "हुसेनला आवाज पान्यासारखा सोच्छ लागला, आनि ह्यांना शब्द लागंनात. दोघांतलं एकजन खोटं बोलालंय. हुसेनला आवाज चांगला हुता म्हनून सांगून काय मिळतंय? कायबी न्हाय. तो तर तरास सांगालता."

"पण चार वेळा ऐकून करायचं काय?"

"सल. आपल्यात घेणं. इंग्रजीतनं इंग्रजीत टाइप करायच्या कामात सोपं मराठी कुनाला लागतंय? जो दुसऱ्याला समजावून सांगनार हाय त्याला. चार वेळा ऐकून त्या बाईनं आख्खी मुलाखत मराठीत लिहून काढलीया, तम्मा. हितं बसून, वहीत."

"मग वहीवर भागलं असतं. पेनड्राइव्ह कशाला?"

"गटात कोन घेतं, पुसलेले मेसेज दिसत्यात का, हे आई पोराच्या फोनापायी इचारती, आनि त्यांना एक पोरगं हाय म्हनालास न्हवं तू. वहीतलं आईच्या हातचं असतंय. पोरगं म्हनंल, तू रचलंस. आवाज रचता येत न्हाय. त्या मानसाचा कंप, रडनं, ते ऐकवायचं असंल." त्यांनी रिकामं पाकीट उचललं. "आनि हे बघ. जागेवर ठेवलं, चेन लावली. स्पंजामुळं हाताला कळत न्हाय आत काय न्हाय ते. तू सोमवारी तसंच कपाटात ठेवलंस. ज्याला कायमचं न्यायचं हाय तो एवढी निगा राखत न्हाय. परत आनून ठेवनार हुती ती. मंगळवारीच."

"मग ठेवलं का नाही?"

 आक्कांनी दार उघडून वर्षाराणींना परत आत बोलावलं आणि त्या बसल्यावर एकच प्रश्न विचारला.

"बाळ कुठाय तुमचा?"

वर्षाराणींनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. 

"सोमवारपासून घरी नाही," त्या म्हणाल्या. "पेनड्राइव्ह त्याच्याकडंच आहे."

शिवांश. वीस वर्षांचा. आयटीआय करून वर्षभर शिकाऊ होता, मग त्याला कुणी ठेवून घेतलं नाही. आठ महिने घरात. आधी उशिरा उठायचा, मग बोलेनासा झाला. मग अचानक उत्साहात आला, रोज कुठल्याशा बैठकीला जायला लागला. वर्षाराणींना बरं वाटलं. पोरगं माणसांत आलं.

"एकदा त्याचा फोन चार्जिंगला होता. वर मेसेज आला. दुकानांची यादी होती. रविवारी या दुकानांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, इथून कुणी काही घ्यायचं नाही म्हणून. त्यात हमीदभाई शिंपी होते. शिवांशचा पहिलीपासूनचा गणवेश त्यांनी शिवलाय. मी विचारलं, बाळा, हे काय? तर मला म्हणाला, तुला काही कळत नाही, तू झोपलेली आहेस. दुसऱ्या दिवशी इथं येऊन बसले, हेडफोन लावला, आणि त्या टेपातला माणूस म्हणतो, मी आईला म्हणालो, तू झोपलेली आहेस."

त्या माझ्याकडं वळल्या.

"सर, मी चाळीस मुलाखती ऐकल्या. वाटायचं, अमेरिकेतल्या लोकांचं आहे हे, आपल्याला काय. त्या वाक्यावर मला माझं घर दिसलं."

सोमवारी संध्याकाळी त्यांनी पेनड्राइव्ह घरच्या लॅपटॉपला लावला. शिवांशनं पाच मिनिटं ऐकलं, उभा राहिला, "मला गोऱ्या गुंडांच्या ओळीत बसवतेस?" म्हणून ओरडला आणि लॅपटॉप बगलेत मारून निघून गेला. पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच होता. फोन बंद.

"आणि हुसेन?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कठोर वाटला. "सकाळी सगळे त्याच्याकडं बघत होते. तुम्ही तिथंच होता."

"होते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडायला गेले, आणि वाटलं, उघडलं तर शिवांशचं नाव जाईल पोलिसांत. उघडलं नाही. त्याला मी दुसऱ्याच्या पोराशी असं वागू नको म्हणून शिकवायला निघाले होते."

५

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीनं कागलला निघालो. शिवांशचा एक मित्र, गुंडू, तिथल्या एमआयडीसीत कामाला आहे आणि खोली घेऊन राहतो, एवढाच धागा होता. हायवेभर वर्षाराणी मांडीवर एक निळी वही घेऊन बसल्या होत्या. मला एकच भीती होती. त्यानं तो आवाज फोनवरून कुणाला पाठवला असेल तर? गटावर टाकला असेल तर? समुद्रापलीकडच्या एका माणसाचा जीव गुंडूच्या खोलीत होता.

खोली पत्र्याची, एका पीठगिरणीच्या मागं. दार गुंडूनंच उघडलं. आम्हाला बघून म्हणाला, "या पावणं. बरं झालं आलासा. काकी, घेऊन जावा ह्येला. तीन दिस झालं, त्यो इंग्रज बडबडालाय नुसता."

आत शिवांश भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर लॅपटॉप, कानात वायर. आईला बघून त्यानं वायर काढली, पण उठला नाही.

आक्कांनी आधी माझं काम केलं. "पोरा, हा आवाज कुनाला पाठवलास?"

"न्हाय."

"माझ्याकडं बघून सांग."

"न्हाय, आज्जी. कुनालाच न्हाय. पाठवनार हुतो. गटावर टाकून हसनार हुतो, की बघा, माझी आई मला काय ऐकवती." तो बोलता बोलता अडला. "ऐकल्याशिवाय कसं टाकायचं, म्हनून ऐकालतो."

"किती वेळा?" वर्षाराणींनी विचारलं.

"तीन." तो कुणाकडंच बघत नव्हता. "सगळं कळत न्हाय. भरभर बोलतोय. मधे एका जागी आवाज बसतो त्येचा, तिथं काय म्हनतोय तेच कळंना. परत परत लावलं. तू वही लिहिलीस म्हनत हुतीस. मागाय यायचं हुतं, पर कुठल्या तोंडानं यायचं?"

"कुठली जागा?"

त्यानं पुढं मागं करून ती जागा शोधली आणि वायर उपटून आवाज मोकळा सोडला. पत्र्याच्या खोलीत तो परका, दमलेला आवाज उमटला. वर्षाराणींनी वही न उघडताच सांगितलं.

"तो म्हणतोय, त्या मुलीच्या हाताचा फोटो गटावर आला तेव्हा सगळ्यांनी हसण्याची चित्रं पाठवली. मीपण पाठवलं. माझ्या बोटानं पाठवलं, आणि मग मला माझं बोट दिसलं."

शिवांशनं लॅपटॉप बंद केला. पेनड्राइव्ह काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"मी अजून कुनाचं कायबी केलं न्हाय," तो म्हणाला.

आक्का खाली त्याच्याशेजारी बसल्या. "म्हनून तर आलोय की आम्ही," त्या म्हणाल्या. "अजून हाय तवर."

तो आमच्याबरोबर आला नाही. रविवारपर्यंत विचार करतो म्हणाला. वर्षाराणींनी निळी वही त्याच्याकडं ठेवली आणि त्या गाडीत येऊन बसल्या. 

६

शुक्रवारी सकाळी वर्षाराणी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मुलाचं नाव, दुकानांची यादी, स्वतःचं गप्प बसणं, काही लपवलं नाही. मग त्या हुसेनच्या टेबलापाशी गेल्या.

"हुसेन, मी चुकले. तुझ्याकडं बोट गेलं तेव्हा मी बोलायला हवं होतं."

हुसेन बसूनच होता. "मॅडम, तुमचं पोरगं वाचावं असं मलाबी वाटतंय. खरंच वाटतंय. पर दोन दिस मी चोर हुतो. घरात अम्मीला सांगितलं न्हाय, तिला झोप लागली नसती. माझं हे दोन दिस कुनाच्या वहीत लिवायचं?"

 पृथ्वीराज पुढं आला, हात पुढं करावा की नाही या विचारात तसाच उभा राहिला, आणि शेवटी म्हणाला, "चुकलं माझं." हुसेननं त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. माफी होती की नुसतं ऐकलं म्हणून सांगणं होतं, ते मला कळलं नाही.

माझीही पाळी होती. "पिशव्या तपासताना सुरुवात तुझ्यापासून केली," मी म्हणालो. "ती चूक माझी."

"व्हय," तो म्हणाला. "तुमचीच."

मग त्यानं विद्याश्रीकडून सत्तावीसची शेवटची पानं मागून घेतली आणि आपल्या जागेवर बसून वाचली. वाचून झाल्यावर कुणाला काही न सांगता परत दिली.

मी विद्यापीठाच्या बाईंना सगळं खरं लिहिलं. चार वाजता चाळीस पाकिटं गेली. त्यांचं उत्तर कडक होतं. विश्वासभंग झाला आहे, वर्षाराणींनी या कामात यापुढं असू नये, आमच्याकडं पुढचं काम द्यायचं की नाही ते नंतर ठरेल, आणि आवाज कुणी कुणी ऐकला हे सत्तावीस नंबरच्या माणसाला कळवावं लागेल, कारण तो त्याचा हक्क आहे. यातलं एकही वाक्य मला अन्यायाचं वाटलं नाही. वर्षाराणींना मी काढलं नाही. त्या आता डॉक्टरांची कागदपत्रं तपासतात.

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, पण जागेवर न बसता माझ्या खोलीत आल्या.

"रविवारी आला सर तो. सकाळीच. चिठ्ठ्या चिकटवायला गेला नाही. बाकीचे गेले."

"काय म्हणाला?"

"आधी काहीच नाही. म्हणाला, वाच. मी वही वाचली, पहिल्या पानापासून. दोन तास लागले. मधे एकदा भाकरी करायला उठले, तर म्हणाला, बस, नंतर कर. सगळं संपलं. मला वाटलं, आता विचारेल, त्या पोरीचं काय झालं, किंवा तो माणूस तुरुंगात गेला का."

"मग?"

"म्हणाला, आई, तो खोलीत बसून हे सगळं करत होता, तेव्हा त्याची आई कुठं होती?"

खालून बेअरिंगच्या दुकानात लोखंड उतरवल्याचा आवाज येत होता. वर्षाराणींनी तो थांबू दिला.

"मुलाखतीत ते कुणी विचारलंच नव्हतं, सर. विद्यापीठाच्या त्या बाईंच्या बावन्न पानांत हा प्रश्न नाही. मग मी त्याला म्हटलं, त्याच्या आईचं मला माहीत नाही बाळा. आणि मी कुठं होते, ते सांगायला बसले."